डावे बसतात, उजवे उभे राहतात

आमच्या चर्चमध्ये पहिल्यांदा येणारा माणूस गीत सुरू झालं की हमखास गोंधळतो. मधल्या वाटेच्या उजवीकडची सगळी माणसं खाडकन उभी राहतात आणि डावीकडची सगळी ढिम्म बसून राहतात. एकदा बाहेरगावचे एक पाहुणे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले होते. त्यांना वाटलं, उजवीकडचे लोक रागावून निघालेत. बिचारे हात जोडून म्हणाले, "बसा हो, माझं काही चुकलं का?" आमच्याकडे खसखस पिकली, आणि उजवीकडच्यांनी आमच्याकडे असं पाहिलं की विचारू नका.

मी डावीकडची. म्हणजे लग्न होऊन डावीकडची झाले. माझ्या माहेरी सगळे एकदम उठायचे, एकदम बसायचे. त्यात भांडण्यासारखं काही असतं हे मला ठाऊकच नव्हतं. इथे आल्यावर पहिल्याच रविवारी गीत लागलं, मी सवयीने उठले, तर सासूबाईंनी बाहीला धरून मला अशी खाली ओढली की खांद्यावरची शिवण उसवली. घरी आल्यावर ती बाही माझ्या नणंदेने शिवून दिली. शिवताना त्यांना इतकं हसू येत होतं की टाका काही सरळ पडेना. त्याच ह्या आमच्या वन्सं. वयाने माझ्याहून लहान, पण नणंद ती नणंद, म्हणून मी त्यांना अहोजाहो करते.

आता हे बसण्या-उठण्याचं लचांड आलं कुठून ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमची मंडळी, म्हणजे हे चर्च, सुरू झाली ती लोकरीच्या एका रिकाम्या गोदामात. तेव्हा बाकंच नव्हती, सगळे उभे. पुढे मंडळीतल्या एका सुताराने बाकं करायला घेतली, आणि लाकूड पुरलं नेमकं डाव्या बाजूपुरतं. डावीकडचे ऐसपैस बसले. उजवीकडचे उभे राहिले आणि उभ्या उभ्या जळले. एके रविवारी त्यांच्यातला एक जण म्हणाला, "देवाची स्तुती बसून करतात होय? राजासमोर कोणी बसतं का?" झालं! डावीकडून उत्तर गेलं, "बापासमोर लेकरं बसत नाहीत का?" मग दोघांनीही पवित्र शास्त्रातली वचनं शोधून काढून एकमेकांच्या अंगावर फेकली. पुढच्या वर्षी लाकूड आलं, उजवीकडेही बाकं झाली. पण आता बसलं तर हरल्यासारखं होतं ना! सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, तशातली गत. गोदाम पाडून विटांची इमारत झाली, कौलं चढली, घंटा आली, किती पाळक आले नि गेले. प्रवचनाला सगळे एकत्र बसतात, प्रार्थनेला एकत्र उठतात, नंतर चहालाही एकाच किटलीभोवती जमतात. गीत लागलं की मात्र छत्तीसचा आकडा.

ह्या भांडणापायी आमच्याकडे ऑर्गनही आला नाही. तो डावीकडे ठेवायचा की उजवीकडे ह्या वादात दोन पाळकांची कारकीर्द संपली. तेव्हा सूर लावायचा तो माणसाच्या गळ्याने, आणि तो गळा वन्संचा. पोरवयापासून पहिल्या बाकावर बसून त्याच गीत सुरू करतात. त्यांनी पहिली ओळ घेतली की मग बसलेले आणि उभे असलेले सगळे मुकाट मागून जातात.

त्यांचं शिवणकामाचं दुकान बेकरीच्या वरच्या मजल्यावर. दुकान कसलं, एक खोलीच ती. खिडकीशी पायाचं मशीन, दोन टेबलं जोडून केलेली कापायची जागा, खिळ्यांना टांगलेले कापडं बेतायचे कागदी नमुने, कोपऱ्यात शाळेच्या गणवेशांचा ढीग, जमिनीवर चिंध्या आणि खालून येणारा भाजत्या पावाचा वास. दिवसभर पायाने मशीन चालायचं आणि त्याच्या ठेक्यावर वन्सं गात राहायच्या. चर्चमध्येही गाताना बाकाखाली त्यांचे पाय तसेच हलायचे. उजवीकडच्या एका म्हाताऱ्या बाईने मला एकदा कानात सांगितलं, "कुणाला बोलू नका, पण तुमच्या नणंदेचे पाय बघूनच आम्ही ताल धरतो." मी ते लगेच सगळ्यांना सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही, काय करणार!

वन्संचं लग्न व्हायचं राहिलं, त्यालाही हे भांडणच कारण. माझे सासरे वीटभट्टीवर मुकादम आणि डाव्यांचे म्होरके. "माझ्या घरातलं कोणी गाताना उभं राहणार नाही, आणि माझी मुलगी त्या बाजूला जाणार नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आता डावीकडे म्हणाल तर जो तो वन्संचा चुलत नाहीतर मावस भाऊ. उजवीकडून चांगली स्थळं आली आणि आल्या पावली परत गेली. सासरे गेले, सासूबाई गेल्या, वन्संनी पन्नाशी ओलांडली. मी विषय काढला की हसायच्या. "राहू द्या वहिनी, आता काय घोडनवरी होऊ?" पण कुणाच्या लग्नाचा झगा शिवायला आला की त्या दिवशी त्यांचं गाणं जरा हळू व्हायचं. मला कळायचं ते. मला फार वाईट वाटायचं.

मग एक दिवस सुईत दोरा जाईना. मी त्यांना हाताला धरून बाजारात चष्मेवाल्यांकडे नेलं. अरुंद दुकान, दोन्ही भिंतींना आरसे आणि फ्रेमा, आत गेलं की आपणच आपल्याला दहा ठिकाणी दिसतो. चष्मेवाले उंच, विधुर, बोलायला गोड. आणि उजवे. साधेसुधे उजवे नव्हेत, पाळकसाहेबांनी गीताचा नंबर सांगायच्या आधीच उभे राहणारे उजवे. आवाज मात्र असा फाटका की त्यांच्या सख्ख्या बहिणीने मधे दोन माणसं सोडून बसायचं ठरवलेलं.

चष्मा झाला. आणि मग त्या चष्म्याला काय धाड भरली देव जाणे, त्याच्या दांडीचा स्क्रू दर आठवड्याला ढिला व्हायला लागला. वन्सं काम टाकून बाजारात जायच्या, स्क्रू घट्ट करून यायच्या, येताना गालावर लाली. एकदा मी न सांगता त्यांच्या खोलीत गेले तर काय, बाईसाहेब मशीनच्या छोट्या स्क्रू ड्रायव्हरने स्वतःच तो स्क्रू सोडवतायत!

"अगं बाई!" मी म्हटलं. "ताकाला जाऊन भांडं लपवताय होय?"

चष्मा हातात, तोंड लालेलाल. "वहिनी, ते स्क्रू फार छान बसवतात हो."

"हो ना. म्हणून तर दर आठवड्याला निघतो!"

पुढे चष्मेवाल्यांनीही कबूल केलं की ते दर वेळी तो अर्धवटच आवळायचे. म्हणजे दोघंही सारखीच!

थोड्याच दिवसांत चष्मेवाले आमच्या घरी आले. दारातच उभे. आमचे हे म्हणाले, "बसा." तर म्हणतात, "नको, उभ्याची सवय आहे." मला हसू आवरेना. त्यांनी वन्संना मागणी घातली. ह्यांच्या भुवया वर चढल्या, अगदी सासऱ्यांसारख्या. मी ह्यांच्याकडे बघितलं. भुवया खाली आल्या. वन्सं आतल्या दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "दादा, मला करायचंय हे लग्न." इतकं सरळ त्यांनी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार पाळकसाहेब दोघांची नावं वाचतात आणि कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात. पहिल्या रविवारी नावं वाचली तेव्हा सगळे माना वळवून एकमेकांकडे बघायला लागले. डाव्याचं उजवीकडे लग्न ही गोष्ट मंडळीत घडलेलीच नव्हती. पण हरकत कोण घेणार? दोघंही सगळ्यांची लाडकी.

घोडं अडलं ते दुसऱ्या रविवारी, चहाच्या वेळी. लग्नात नवरानवरी पुढे असताना एक गीत होतं. डाव्यांच्या लग्नात जोडपं दोन खुर्च्यांवर बसतं, उजव्यांच्या लग्नात उभं राहतं. आता ह्यांनी काय करायचं? आमच्या बाजूचे बेकरीवाले म्हणाले, "खुर्च्या ठेवायच्या. सूर लावणारी आमची आहे." चष्मेवाल्यांची बहीण शाळेत मास्तरीण, तिला सगळे मास्तरीणबाईच म्हणतात. ती कप बशीवर आपटून म्हणाली, "नवरी काय आजारी आहे खुर्चीवर बसायला? आमच्या घरात येणार, ती उभी राहणार!"

"मग गीत तुमच्या भावाला सुरू करू दे!" हे मी म्हटलं. माझं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यानंतर जे पेटलं म्हणता! पणजोबांनी एकमेकांना काय म्हटलं होतं तेही बाहेर निघालं. कुणीतरी म्हणालं, इतकंच असेल तर मधे भिंत घाला आणि दोन चर्च करा. पाळकसाहेब बिचारे बिस्किटांची ताटली घेऊन ह्याच्याकडून त्याच्याकडे फिरत होते, आणि किटलीशेजारी वन्सं आणि चष्मेवाले आपणच काही फोडल्यासारखे उभे होते.

दुसऱ्या दिवशी वन्सं माझ्या स्वयंपाकघरात आल्या. मी कणीक मळत होते. त्या मधोमध उभ्या राहिल्या, हात पोटाशी धरले आणि लग्नाचं गीत सुरू केलं. पहिल्याच शब्दाला आवाज कापला. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. हाच गळा दर रविवारी छताला भिडतो, आणि आता पातेल्यापर्यंत पोचेना.

"मी उभ्याने कधी गायलेच नाहीये, वहिनी," त्या म्हणाल्या. "पायांचं काय करायचं तेच कळत नाही."

"मग बसून गा. ते बसतो म्हणालेत ना तुमच्याबरोबर?"

"म्हणाले. मीच नको म्हटलं. सगळ्या मंडळीसमोर माझ्यापायी त्यांची मान खाली का जावी?" मग पदर नाही नि काही नाही, माझंच पीठ लागलेलं फडकं घेऊन डोळे पुसले. "मी पाळकसाहेबांना सांगते लग्न रद्द करा म्हणून. मला ते हवेत हो. फार हवेत. पण लोकरीच्या गोदामातून उभी राहिलेली मंडळी माझ्यामुळे फुटायला नको. बाबा असते तर..."

"बाबा नाहीयेत!" मी ओरडलेच. कणकेचा गोळा परातीत आपटला. "आणि लग्न मोडल्याने मंडळी सांधणार आहे होय? उजवे म्हणतील डाव्यांनी मोडलं, डावे म्हणतील उजव्यांनी. भिंत तेव्हा खरी उठेल. आणि तुम्ही वरती बसून दुसऱ्यांच्या लग्नाचे झगे शिवाल. चालेल?"

त्यांनी फडकं घडी करून ओट्यावर ठेवलं. मग म्हणाल्या, "नाही चालणार."

"मग?"

"मी उभी राहते. त्यांच्या शेजारी. सूर लागला तर लागला, नाहीतर फजिती." आणि मला बजावलं, "हे कुणाला सांगू नका."

तिसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी हरकतीचं विचारलं, तसे आमच्या बाजूचे सगळ्यात म्हातारे आजोबा काठी टेकत उठले. चष्मेवाल्यांचा तर चेहरा पांढराफटक पडला. आजोबा म्हणाले, "हरकत नाही. गीत कोण सुरू करणार तेवढं सांगा, म्हणजे आम्हाला झोप लागेल." वन्सं आपल्या बाकावरून म्हणाल्या, "मीच." आजोबा बसले.

आता माझ्या पोटात काही राहत नाही हे मी आधीच सांगितलंय. पण ह्या वेळी मी ते मुद्दाम बाहेर काढलं. मनात म्हटलं, ही बाई सगळा जन्म आपल्यासाठी गायली, आणि त्या दिवशी एकटी उभी राहून थरथरणार आणि आपण खाली बसून बघणार? शोभतं का? त्या आठवड्यात मी डावीकडच्या एकूणएक घराचे जिने चढले. "एक दिवस, एक गीत, उभं राहायचं. वन्संसाठी. आणि उजवीकडे पत्ता लागू द्यायचा नाही, नाहीतर जिंकलो म्हणून मिरवतील." बेकरीवाले पिठाच्या पोत्यावर बसून आधी नाहीच म्हणाले. त्यांच्या बायकोने आतूनच सांगितलं, "उभे राहतील." आजोबांचे गुडघे दुखतात म्हणून मी त्यांना वगळलं होतं, तर तेच रागावले. "मला काय मेला समजलीस?" म्हणाले.

लग्नाचा दिवस उजाडला. वन्संनी आपला झगा स्वतःच शिवला होता, राखाडी, गळ्याशी बारीक चुण्या. पाळकसाहेबांनी कुणालाच दुखवायचं नाही म्हणून दोन खुर्च्या जोडप्याच्या मागे ठेवल्या होत्या, म्हणजे हवं तर बसा, हवं तर राहू द्या. शपथा झाल्या, अंगठ्या झाल्या. वन्संची अंगठी पेराशीच अडली, ती त्यांनीच ओढून घेतली. मग पाळकसाहेबांनी गीताचा नंबर सांगितला आणि डोळे मिटून घेतले. माणूस काय करणार!

मी ह्यांना कोपराने ढोसलं आणि उठले. माझ्याबरोबर आमची अख्खी बाजू उठली. बाकं करकरली, आजोबांची काठी खाली पडली, बेकरीवाल्यांनी त्यांना काखेत धरलं. आणि त्याच क्षणी उजवीकडून धप्पकन आवाज आला.

बघते तर काय, सवयीने अर्धी उठलेली उजवी बाजू पुन्हा खाली बसलेली! सगळीच्या सगळी! मास्तरीणबाई पहिल्या बाकावर हात मांडीवर घेऊन बसलेली, आणि माझ्याकडे असे डोळे फाडून बघतेय जसे मी तिच्याकडे बघत होते. तीही आठवडाभर तिकडचे जिने चढत होती! आणि पुढे पाहिलं तर आमच्या वन्सं ताठ उभ्या, आणि त्यांच्या शेजारी चष्मेवाले, ते कट्टर उजवे, खुर्चीवर बसलेले. नको म्हटलेलं त्या माणसाने ऐकलंच नव्हतं.

खरं सांगते, मला आधी रागच आला. इतके जिने फुकट! मग वाटलं, चुकतंय काहीतरी, सावरायला हवं. मी पटकन खाली बसले, माझं बघून आमचे सगळे बसले. तिकडे मास्तरीणबाईलाही तेच वाटलं असणार, ती उठली आणि उजवे सगळे खाडकन उठले. झालं, पुन्हा जैसे थे! चष्मेवाले गडबडून उभे राहिले, तेवढ्यात वन्सं त्यांच्यासाठी बसायला लागल्या, तर त्यांनी त्यांना वर ओढलं. पाळकसाहेबांनी तेवढ्यात डोळे उघडले, नेहमीचंच चित्र पाहिलं आणि म्हणाले, "हे काय, कुणी काहीच केलं नाही?"

मग मात्र जे हसू फुटलं! आजोबा हसता हसता खोकायला लागले. मास्तरीणबाई बाक धरून हसत होती, तिचा चष्मा घसरला होता. कितीतरी माणसं अर्धी उठलेली, अर्धी बसलेली, कुणालाच कळेना आता काय करायचं ते. आणि वन्सं वळून आमच्याकडे बघत होत्या. इकडून तिकडे, एकेका तोंडाकडे. त्यांना सगळं कळलं होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू.

"अहो," त्या मोठ्याने म्हणाल्या, "बसा नाहीतर उभे राहा, पण गा की!"

आणि सूर लावला. उभ्याने. चष्मेवाल्यांचा हात धरून. आवाज जरासुद्धा कापला नाही, सरळ वर गेला. आम्ही मागून गेलो. कोण बसलं होतं, कोण उभं होतं, मला विचाराल तर नाही सांगता येणार, मला डोळ्यांतल्या पाण्याने काही दिसतच नव्हतं. एवढं कळलं की मास्तरीणबाई मधली वाट ओलांडून माझ्या शेजारी आली होती, आणि माझ्याच पुस्तकात बघून गात होती.